घाटात गॅसवर झटके, पेट्रोलवर सुरळीत: दोन इंधनांच्या छोट्या पिकअपमधला पुन्हा पुन्हा उद्भवणारा दोष

बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्यात भाजी पोहोचवणाऱ्या आणि परतीला नारळाची पोती घेऊन तोच घाट चढणाऱ्या माझ्या छोट्या पिकअपला सलग तीन पावसाळे एकाच दोषाने गाठले. घाटाच्या पायथ्याचे केरी सोडून चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे गेला की सीएनजीवर, म्हणजे गॅसवर, चालणारी गाडी मागून कोणी ओढल्यासारखी झटके खायची आणि इंजिनाचा पिवळा दिवा आधी लुकलुकायचा, मग स्थिर व्हायचा. बटण दाबून पेट्रोलवर घेतली की त्याच वळणावर, त्याच वजनानिशी ती सरळ चढायची. सपाट रस्त्यावर, विशेषतः जांबोटीच्या अलीकडे, गॅसवरही काही तक्रार नसायची. हा दोष दोनदा दुरुस्त झाला असे मानून मी पैसे मोजले आणि दोन्ही वेळा तो पुढच्या पावसाळ्यात परतला. तिसऱ्या वेळी कारण नेमके सापडले. ते इथे सविस्तर मांडतो, कारण आपल्या भागात भाजी, दूध, फरसाण, फाउंड्रीचे सुटे भाग वाहणाऱ्या अशा गाड्या आता पुष्कळ आहेत आणि त्यांचे चालक हीच लक्षणे सांगताना मी ऐकले आहेत.

गाडी २०२१ ची, बीएस-६, कंपनीतूनच सीएनजीची व्यवस्था असलेली आहे. इंजिन सीटखाली आहे. विजेची मोटर आणि पेट्रोल इंजिन एकत्र असलेली छोटी हायब्रीड पिकअप, जशी फोर्डची मॅव्हरिक अमेरिकेत २०२१ पासून मिळते, ती आपल्या बाजारात नाही. आपल्याकडे इंधनखर्च वाचवण्यासाठी छोट्या मालवाहू गाड्यांत दोन इंधनांची सोय आली. त्या हायब्रीडमध्ये दोन वेगळी यंत्रे काम वाटून घेतात. आपल्या गाडीत मात्र दोन इंधने एकाच इंजिनावर, त्याच प्लगवर, प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या त्याच कॉइलवर आणि त्याच व्हॉल्व्हवर चालतात. दोष शोधताना ही गोष्ट सतत मनात ठेवावी लागते, कारण "गॅसवर बिघडते, म्हणजे गॅसच्या सामानात दोष" हा सहज सुचणारा निष्कर्ष माझ्या बाबतीत दोनदा चुकला.

पहिल्या पावसाळ्यात गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचा कोड आला. त्यावरून गॅसचा फिल्टर बदलला गेला आणि नंतर सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सरही बदलला गेला. त्याच वेळी सर्व्हिसची मुदत झाली म्हणून नवे प्लगही बसले. गाडी सुधारली. श्रेय अर्थातच फिल्टरला आणि सेन्सरला गेले. दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा तोच कोड, पुन्हा गॅसच्या इंजेक्टरची सफाई, पुन्हा प्लग, आणि पुन्हा आठ-दहा महिने सुख.

मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले इंधन न पेटणे, होत असताना स्कॅनर "इंधन कमी" असे का दाखवतो, हे समजले असते तर यातला बराच खर्च टळला असता. ठिणगी पडली नाही तर त्या सिलिंडरमधला गॅस न जळता बाहेर पडतो आणि त्याच्यासोबत न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. सायलेन्सरमधला सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो. न जळलेला गॅस त्याला कळत नाही. ऑक्सिजन जास्त दिसला की इंधन कमी पडते आहे असे समजून गाडीतला संगणक आणखी इंधन सोडतो आणि तसा कोड नोंदवतो. म्हणजे सेन्सर खरे सांगत असतो, त्याचा अर्थ लावताना गफलत होते. कोड पाहताना पी-०१७१ सारखा मिश्रणाचा कोड एकटाच आहे, की सोबत पी-०३०१, पी-०३०२ असा मिसिंगचा कोडही साठवलेला आहे, हे मेकॅनिकला मुद्दाम विचारावे. शेवटचा आकडा कोणता सिलिंडर मिसिंग करतो ते सांगतो. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर फिल्टरला किंवा टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्यातून येणारा गॅस सगळ्याच सिलिंडरना सारखा जातो.

तपासणीला हात घालण्यापूर्वी खरोखर दोष आहे का, हे ठरवणे आवश्यक आहे. गॅसवर गाडी पेट्रोलपेक्षा थोडी कमी ओढते, हे नैसर्गिक आहे. सीएनजीतल्या मिथेनच्या एका भागाला जळण्यासाठी हवेचे सुमारे साडेनऊ भाग लागतात, म्हणजे सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या मिश्रणाची जवळपास एक दशांश जागा गॅसच व्यापतो आणि तेवढी हवा कमी शिरते. पेट्रोलची वाफ त्या मानाने फारच थोडी जागा घेते. त्यामुळे जो चढ पेट्रोलवर तिसऱ्या गिअरमध्ये निघतो, तो गॅसवर दुसऱ्यात घ्यावा लागला तर ती तक्रार नव्हे. ओढ कमी असली तरी ती एकसारखी असावी. तुटक ओढ, झटका आणि लुकलुकणारा दिवा ही दोषाची खूण आहे. तसेच टाकीतला दाब पाहावा. पूर्ण भरलेल्या टाकीत सुमारे २०० बार दाब असतो. तो अगदी तळाला आलेला असताना पूर्ण ओझ्याखाली गॅस पुरेशा वेगाने येऊ शकत नाही. झटके फक्त गॅस दाखवणाऱ्या मीटरच्या शेवटच्या काडीवरच येत असतील तर आधी गॅस भरून पुन्हा तोच चढ चढून पाहावा.

यानंतरची तपासणी दोन इंधनांमुळेच शक्य होते, आणि मला या गाड्यांचा हा मोठा गुण वाटतो. तोच चढ, तेच वजन, तोच गिअर ठेवून एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर चढावे. दोन्हींवर मिसिंग होत असेल तर कारण इंजिनात किंवा पूर्ण खराब झालेल्या प्लग-कॉइलमध्ये आहे. फक्त पेट्रोलवर होत असेल तर पेट्रोलचा पंप, इंजेक्टर किंवा टाकीतले जुने पेट्रोल पाहावे. फक्त गॅसवर आणि तेही फक्त ओझ्याखाली होत असेल, तर गॅसच्या सामानाआधी ठिणगी तपासावी. बेळगावातल्या उद्यमबागजवळच्या ज्या वयस्कर मिस्त्रींनी अखेर माझी गाडी हातात घेतली, त्यांनी इंजिनाकडे पाहण्याआधीच मला सांगितले, "साहेब, गॅस हा ठिणगीची परीक्षा घेतो. पेट्रोल तिला माफ करतं."

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. हवा आणि मिथेनचे मिश्रण पेटवण्यासाठी प्लगच्या फटीत अधिक व्होल्टेज लागते, आणि सिलिंडरमधला दाब वाढला की ती गरज आणखी वाढते. सपाटीवर ॲक्सिलरेटर थोडा उघडा असतो, सिलिंडरमध्ये हवा कमी भरते, दाब कमी राहतो, म्हणून कमकुवत ठिणगीही निभावून नेते. चढावर ॲक्सिलरेटर उघडला की दाब वाढतो, कॉइलला जास्त जोर लावावा लागतो, आणि फटीतून उडी मारण्यापेक्षा सोपी वाट मिळाली तर वीज ती वाट धरते. माझ्या गाडीत तशी वाट तयार झालेली होती.

प्लगची फट फिलर गेजने मोजली तेव्हा ती १.१ मिलिमीटर भरली. गॅसवर चालणाऱ्या इंजिनात ती साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा, कारण तोच अंतिम. दुकानात मिळणारा प्लग केवळ आट्यांनी जुळतो म्हणून बसवला तर त्याची फट बहुधा पेट्रोलसाठी ठेवलेली असते, आणि घासून ती रुंदावत जाते. पण मिस्त्रींनी मला जे दाखवले ते फटीपेक्षा महत्त्वाचे होते. दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर, वरच्या टोकापासून षटकोनापर्यंत, पेन्सिलीने ओढावी तशी केसाएवढी बारीक करडी रेघ होती. कापडाने पुसली, पेट्रोलने पुसली, तरी ती गेली नाही. मग त्यांनी कॉइलची रबरी टोपी उलटी करून टॉर्चच्या उजेडात आत पाहायला सांगितले. रबराच्या आतल्या बाजूला, बरोबर त्याच जागी, तशीच रेघ होती, आणि बोटाच्या नखाला ती किंचित खोल लागत होती.

ही रेघ म्हणजे विजेने जाळून काढलेली वाट आहे. टोपीत ओल गेली की हजारो व्होल्टचा दाब फटीतून न जाता चिनी मातीच्या पृष्ठभागावरून इंजिनाच्या धातूकडे सरकतो, आणि जाताना कार्बनचा पट्टा मागे ठेवतो. कार्बन विजेचा वाहक असल्याने पुढच्या वेळी ओल नसली तरी वाट खुली असते. माझ्या दुरुस्त्या टिकल्या नाहीत त्या इथेच: दोन्ही वेळा प्लग नवे बसले, टोप्या जुन्याच राहिल्या. नवा प्लग काही महिने तग धरतो, पण जुन्या टोपीतल्या रेघेला लागून त्याच्यावरही तशीच रेघ उमटते, आणि पहिल्या जोरदार पावसात मिसिंग परत येते. प्लगवर रेघ दिसली तर टोपी बदललीच पाहिजे, आणि टोपीत रेघ दिसली तर प्लग कितीही नवा असला तरी तोही. टोपी वेगळी मिळत नसेल तर पूर्ण कॉइल घ्यावी लागते. ती घेतलेली बरी.

रेघ स्पष्ट दिसत नसेल तर अंधारात पाहण्याची एक पद्धत आहे, पण तिच्याआधी गॅसची गळती नाही याची खात्री करणे अनिवार्य आहे. साबणाचे दाट पाणी जोडांवर लावून बुडबुडे येतात का पाहावे. काडी किंवा लायटर कधीही जवळ नेऊ नये. गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला उग्र वास जरी आला तरी टाकीवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करून काम थांबवावे. गळती नसेल तर मोकळ्या जागेत, हँडब्रेक लावून, गिअर न्यूट्रल ठेवून, इंजिन पेट्रोलवर सुरू करावे. आमच्या गाडीत सीट उचलून इंजिन दिसते, त्यामुळे एकाने दाराबाहेर उभे राहून पॅडल हाताने झटकन दाबून सोडावे आणि दुसऱ्याने दूरून, कशालाही हात न लावता, टोप्यांच्या मुळाशी पाहावे. फवारणीच्या बाटलीने पाण्याचा हलका तुषार सोडला की खराब टोपीच्या कडेला निळसर ठिणगी नाचताना दिसते आणि बारीक टक्-टक् ऐकू येते. मला ती पहिल्याच तुषारात दिसली.

ज्यांच्याजवळ स्कॅनर आहे त्यांच्यासाठी अधिक सोपा मार्ग म्हणजे अदलाबदल. पी-०३०२ येत असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल, टोपीसकट, पहिल्याला लावावी आणि पहिल्याची दुसऱ्याला. चढावर जाऊन आल्यावर कोड पी-०३०१ झाला तर दोष कॉइल-टोपीत आहे. कोड जागचा हलला नाही तर प्लगची अदलाबदल करावी, आणि तरीही हलला नाही तर मग त्या सिलिंडरच्या गॅस इंजेक्टरकडे वळावे. एका वेळी एकच वस्तू बदलावी. तीन वस्तू एकदम बदलल्यावर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

आता टोपीत ओल का गेली, हा प्रश्न उरतो. तो सोडवला नाही तर नव्या टोप्याही वर्ष-दोन वर्षांत जातील. घाटात पाऊस सगळ्यांच्याच गाड्यांवर पडतो; कणकुंबी-आमगावकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो किती असतो हे सांगायला नको. तरीही सगळ्या गाड्या मिसिंग करत नाहीत. आम्ही गाडी खालून पाहण्यासाठी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली तेव्हा डाव्या पुढच्या चाकाच्या आतले प्लास्टिकचे आवरण जागेवर नव्हते. ते पहिल्या दुरुस्तीच्या वेळी काढले गेले आणि चार क्लिपा तुटल्या म्हणून परत बसवलेच गेले नाही, असा माझा अंदाज आहे, कारण त्याआधीच्या एका फोटोत ते दिसते. चाकाने उडवलेले लाल चिखलाचे पाणी त्या मोकळ्या जागेतून थेट इंजिनाच्या कडेवर येत होते. प्लगच्या खोबणीत मिस्त्रींनी कागदाचा बोळा बुडवून काढला तो तांबडा निघाला. आवरण आणि क्लिपा मिळून जो खर्च आला तो ऑक्सिजन सेन्सरच्या तुलनेत नगण्य होता. याच्याच जोडीला वॉशिंग सेंटरमध्ये सीट उचलून इंजिनावर प्रेशरचे पाणी मारण्याची जी पद्धत आहे ती मी पूर्ण बंद केली आहे. इंजिन ओल्या फडक्याने पुसता येते.

दोष सापडेपर्यंत अनेकजण मी केले तेच करतात: चढ आला की पेट्रोलवर घेतात आणि वेळ निभावतात. वरवर त्यात गैर काही नाही, पण दिवा लुकलुकत असताना गॅसवर पुढे रेटणे अतिशय महागात पडू शकते. न जळलेला गॅस सायलेन्सरमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतो, कन्व्हर्टर तापतो आणि आतली जाळी वितळू शकते. लुकलुकणारा दिवा नेमका याच धोक्याचा इशारा देत असतो. घाटातच झटके सुरू झाले तर ताबडतोब पेट्रोलवर घ्यावे, आणि तरीही दिवा लुकलुकत राहिला तर ॲक्सिलरेटर कमी करून जागा मिळेल तिथे थांबावे.

ठिणगी निर्दोष निघाली तर उरलेल्या कारणांपैकी रेग्युलेटर आधी पाहावा. टाकीतला गॅस दाब कमी होताना अतिशय थंड होतो, म्हणून रेग्युलेटरमधून इंजिनाचे गरम कूलंट फिरवलेले असते. कूलंट कमी झाले किंवा त्यात हवा अडकली तर चढावर जास्त गॅस ओढला जात असताना रेग्युलेटर गारठतो, बाहेरून दव किंवा बर्फाचा पांढरा थर दिसतो, आणि गाडी झटके न खाता हळूहळू दम सोडते. इंजिन गरम झाल्यावर रेग्युलेटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या हाताला गरम लागल्या पाहिजेत. गॅसच्या कमी दाबाच्या फिल्टरमध्ये पंपावरच्या कंप्रेसरचे तेल साठते. तो तुंबला तर सपाट हायवेवर वेग घेतानाही त्रास होतो. हे काम अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावे.

दीर्घकाळच्या वापरात इंजिनाच्या व्हॉल्व्हकडे दुर्लक्ष होते, आणि त्याला एक कारण आहे. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे वर्षानुवर्षे गॅसवर धावलेल्या इंजिनात व्हॉल्व्हची बैठक झिजू शकते. बैठक झिजली की व्हॉल्व्ह आत बसतो आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटची फट वाढण्याऐवजी कमी होते, त्यामुळे आवाज येत नाही. टॅपेट वाजत नाहीत म्हणजे ठीक आहे असे समजून कोणी झाकण उघडत नाही. अखेर व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो, सकाळी थंड इंजिन आयडलला अडखळते आणि तेही दोन्ही इंधनांवर. पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर फट मोजून घेणे एवढाच त्यावर उपाय आहे.

पेट्रोलची बाजूही जिवंत ठेवावी लागते. पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच गार राहतो, म्हणून तळाशी दोन लिटर ठेवून महिनोन्महिने चालवणे त्याला घातक आहे. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतली ओल शोषते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धवट रिकाम्या टाकीत ते चार महिने पडून राहणे योग्य नाही. मी पाव टाकी कायम ठेवतो आणि रोज पहिले चार-पाच किलोमीटर पेट्रोलवरच जातो. त्यामुळे पेट्रोल ताजे राहते आणि घाटात गरज पडली तर बटण दाबल्यावर गाडी दगा देत नाही.

सीएनजी टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. माझी २०२४ मध्ये झाली. टाकी उतरवली होती म्हणून खालचा पाइप आणि त्याचे क्लॅम्पही तपासून घेतले; एका क्लॅम्पचे रबर गेले होते आणि पाइप चेसिसला घासत होता. चाचणीची तारीख जवळ आली असेल तर ही पाहणी त्याच दिवशी सांगून करून घ्यावी, एरवी तो भाग दिसत नाही.

नव्या टोप्या, ०.८ मिलिमीटर फटीचे प्लग आणि चाकाचे आवरण बसवून आता एक पूर्ण पावसाळा गेला. दसऱ्यानंतर प्लग मुद्दाम काढून पाहिले: चौघांचीही चिनी माती पांढरीशुभ्र होती, खोबणी कोरड्या होत्या, फट ०.९ झाली होती. टोप्या त्याच ठेवल्या आणि प्लग नवे बसवले. वहीत किलोमीटरचा आकडा आणि कोणत्या सिलिंडरवर कोणती टोपी आहे ते लिहून ठेवले आहे.